बाबांची माणसं

गुरुवार, ७ तारीख. संध्याकाळ

पोचलो एकदाचे. प्रवास झकास झाला. बाबांनी खिडकी सोडली नाही आणि मी बाबांचा हात सोडला नाही.

धाकट्याची सक्त ताकीद आहे की ताई, रोजच्या रोज लिही, काही गाळू नकोस, परत आलीस की आधी मी वाचणार. तर घे, वाच. वंशावळीच्या नि कुटुंबेतिहासाच्या या संमेलनाला खरं तर तोच यायचा होता. वेड त्याचं. घरातली अख्खी भिंत त्यानं आमच्या कुळाच्या झाडानं भरून टाकली आहे, आणि त्याची मास्तरीण बायको त्यांच्या एवढ्याशा मुलीला म्हणते, आता त्याला पाणी घालायचं तेवढं राहिलंय. त्याच झाडाची वरची फांदी चिकटवताना स्वारी शिडीवरून आपटली. पाय प्लास्टरमध्ये. मग माझी वर्णी लागली. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. मला जिवंत माणसांचे डोळे कळतात, मेलेल्यांची नावं नाहीत. पण धाकट्याला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही.

बाबांना ठेवणार कुणाकडे, म्हणून बाबाही आले. विसरण्याचा आजार बळावल्यापासून ते दिवसाकाठी चार शब्द बोलले तरी मला सण वाटतो. आई गेल्याचंही त्यांच्या लक्षात राहत नाही. सुरुवातीला मी खरं सांगायची, आणि दर वेळी ते नव्यानं कोसळायचे. आता विचारलं की सांगते, दुकानात गेलीय, येईलच.

हॉटेलात लिफ्ट आहे. बाबांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. आत शिरल्याबरोबर त्यांनी दाराला तळहात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, दोर कुरकुरतोय. एवढंच. पण माझा सगळा शीण उतरला.

संमेलन रस्त्यापलीकडच्या सभागृहात आहे. छप्पर काचेचं, आत लख्ख उजेड. कुठे जुने नकाशे, कुठे नळीत थुंकी घेऊन गोतातली माणसं शोधून देणारे. एक गृहस्थ आपला सातवा पूर्वज सापडला म्हणून दिसेल त्याला मिठी मारत सुटले होते, मलाही मारली. जुने फोटो साफ करणाऱ्यानं माझा एक फोटो काढला आणि म्हणाला, कपाळावरचा व्रण पुसून टाकतो. मी म्हटलं, खबरदार. तो धाकट्यानं लहानपणी भोवरा फेकून मारल्याचा आहे, आणि त्यावरून मी त्याला आजतागायत राबवून घेते.

एका बाजूला ‘नातलग कट्टा’ आहे. टेबलांवर आडनावांच्या पाट्या. आपल्या पाटीखाली बसायचं, आणि त्याच आडनावाचं कुणी आलं तर ओळख काढायची. बाबांना आमच्या पाटीखाली बसवून मी चहा आणायला गेले. परत येते तो बाबांच्या भोवती माणसं! पस्तिशीच्या आतली एक बाई, तपकिरी स्वेटर घातलेली. तिच्या दोन मुली, एक चौदा-पंधराची, दुसरी अगदी छोटी. तिघींचे गाल गुलाबी गुलाबी, आणि तिघी सारख्या जांभया देत होत्या. बाबा हसत होते. दात दाखवून, खांदे हलवून. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ती बाई त्यांना ‘पिटुक’ म्हणत होती.

सवयीनं माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. वरून एवढा उजेड पडत असताना बाहुल्या पार विस्फारलेल्या. डोळ्यांत औषध घातलंय का, असं मी विचारणार होते, पण तिघींच्या एकदम कशाला घालेल कुणी? हसूच आलं मला.

धाकट्याला फोन केला तर तो प्लास्टरसकट नाचायचा बाकी होता. पिटुक हे बाबांचं लहानपणचं नाव, त्याला ते बाबांच्या काकूकडून कळलं होतं. मला ती जुनी गोष्ट नीट ठाऊक नव्हती, ती त्यानं आज सांगितली. बाबा नऊ वर्षांचे असताना त्यांना गोवर आला. बहिणींना लागू नये म्हणून त्यांच्या आईनं त्यांना काकांकडे पाठवून दिलं. त्याच आठवड्यात कडाक्याच्या थंडीत ती दोन्ही मुलींना घेऊन, खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, दारं-खिडक्या लावून झोपली. कुणी उठलंच नाही. वडील आधीच गेलेले. बाबा काकांकडेच वाढले. या विषयावर ते कधी अवाक्षर बोलले नाहीत, पण कितीही थंडी असो, झोपताना खिडकी उघडी हवी. आई बिचारी दोन-दोन स्वेटर घालून संसार करायची.

धाकट्याच्या मते ही बाई काकांच्या वंशातली असणार. म्हणतो, सोडू नकोस, सगळं विचारून घे.

शुक्रवार, ८ तारीख. दुपार

बाबा बोलतायत! सकाळपासून थांबले नाहीत. काठी खोलीतच विसरले आणि रस्ता तरातरा ओलांडला. कट्ट्यावर त्या तिघी आधीच येऊन बसल्या होत्या. मी व्याख्यानाला जायचं ठरवलं होतं, जुनी हस्ताक्षरं कशी वाचावीत यावर, पण पाय निघेना. बाबा छोटीला मांडीवर घेऊन बसले होते आणि मोठी त्यांच्या केसांतून बोटं फिरवत होती. एवढं सुख त्यांच्या तोंडावर, की मला रडू आलं. कुणाला दिसू नये म्हणून चष्मा पुसत बसले.

एक गोष्ट मात्र खटकली. बाईनं उलट्या हातानं बाबांचं कपाळ चाचपलं, आई चाचपते तसं, आणि विचारलं, गोवर गेला का रे तुझा? बाबांनी तोंड वर केलं आणि म्हणाले, गेला.

मला संताप आला. म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा? तडक स्वागताच्या टेबलाशी गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं, कोण आहेत या. त्या कौतुकानं म्हणाल्या, फार गोड कुटुंब आहे. दरवर्षी येतात, दिवसभर त्या पाटीखाली बसून असतात, त्यांचं माणूस काही सापडत नव्हतं. यंदा सापडलं म्हणायचं. बरं झालं.

दरवर्षी येतात. आणि छोटी अजून छोटीच.

शुक्रवार, संध्याकाळ

धाकट्या, हे तुला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आज बाबांनी आईची चौकशी केली नाही. एकदाही नाही. जेवताना ते कामाबद्दल बोलत होते, उद्या कुठल्या इमारतीत नवी लिफ्ट बसवायची आहे ते. मी विचारलं, बाबा, मी कोण? तर म्हणाले, तुम्ही इथल्याच ना? मी म्हटलं, मी तुमची मुलगी, ठमी. ते हसले, हात आपल्या कमरेशी नेला आणि म्हणाले, आमची ठमी एवढी आहे.

मग तुझा फोन आला आणि मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, नाही हो, मला मुलगा नाही, एकच मुलगी आहे. तू हसलास. ऐकू आलं मला. मग मी फोन घेतला तर तुझं बोलणं जड येत होतं. म्हणालास, ताई, फार झोप येतेय गं, आणि डोकं दुखतंय. भली मोठी जांभई दिलीस. मी सांगितलं, खिडकी उघड. तू म्हणालास, कशाला?

नंतर फोन लागला नाही. झोपला असशील.

शनिवार, ९ तारीख. सकाळ

आरशासमोर वेणी घालताना हात थांबला. कपाळावर व्रण नाही. बोटानं चाचपून पाहिलं. गुळगुळीत.

धाकट्याचा नंबर अस्तित्वात नाही म्हणे.

त्याच्या बायकोच्या शाळेत फोन केला. ती लाइनवर आली, तोच आवाज, तशीच घाईतली. मी म्हटलं, अगं, मी ताई. तिनं अदबीनं विचारलं, कोण ताई? मी त्याचं नाव घेतलं. माझं लग्न झालेलं नाही, म्हणाली. मी म्हटलं, आणि मुलगी? तुझी मुलगी कुठे आहे? तिचा आवाज बदलला. म्हणाली, कुणी सांगितलं तुम्हाला माझ्या मुलीबद्दल? मग स्वतःच गोंधळली आणि म्हणाली, नाही, मला मुलगी नाही. पण फोन ठेवेना. मला तिचं रडणं ऐकू येत होतं. आपण का रडतोय हे तिला कळत नव्हतं.

कळलं मला. बाबांच्या मनातून जे गळतं ते जगातूनच गळतं. ते मागे मागे चाललेत, त्या खोलीकडे. आधी आई गळाली, मग धाकटा, त्याच्याबरोबर त्याची पोर. आता माझी पाळी. बाबांना इथून हलवलं पाहिजे. आत्ताच्या आत्ता.

शनिवार, दुपार

नाही जमलं.

लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला बाबा तयार नव्हते. आत ओढलं तर जमीन हलल्याबरोबर किंचाळले आणि माझ्या बाहीत तोंड लपवलं. ज्यांचं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, ते.

स्टेशनवर बाकावर बसवलं. गाडीला वेळ होता. त्यांनी रडायला सुरुवात केली, हुंदके देत, बाही नाकाला पुसत. माणसं जमली. सुरक्षारक्षकानं त्यांना विचारलं, आजोबा, या बाई तुमच्या कोण? बाबा म्हणाले, मला माहीत नाही. मी ओरडले, मी मुलगी आहे त्यांची! बाबांनी मान हलवली. हात गुडघ्याशी नेला. माझी मुलगी एवढी आहे, ही नव्हे. माझी आई तिकडे वाट बघतेय.

पिशवीत ओळखपत्र शोधत होते. तेवढ्यात त्या तिघी फलाटावरून येताना दिसल्या. घाई नाही, काही नाही. बाबांनी हात पसरले. रक्षकानं सुस्कारा सोडला आणि म्हणाला, आली बघा तुमची माणसं.

त्यानं माझा दंड धरून ठेवला होता. बाबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रविवार, १० तारीख. सकाळ

बाबा खोलीवर आलेच नाहीत. सभागृह उघडल्याबरोबर मी तिथं गेले. ती बाई कट्ट्यावर बसली होती, बाबांचं डोकं तिच्या मांडीवर. पांढरे केस, सुरकुतलेला गाल, आणि थोपटणारा तो तरणा हात. जवळ गेलं की कोळशाचा वास येतो.

तिच्या पायाशी बसले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाईला मी आजी म्हटलं. म्हटलं, आजी, माझा भाऊ परत द्या. त्याची एवढीशी मुलगी आहे.

ती दुष्ट नाही. ते फार वाईट आहे, की ती दुष्ट नाही. तिला कळेचना मी काय म्हणतेय. म्हणाली, कसला भाऊ, बाई? माझा पिटुक नऊ वर्षांचा आहे, त्याला कुठली मुलं? मी म्हटलं, मग बाबांना न्या, पण आम्हाला राहू द्या. तेव्हा तिनं जांभई दिली, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाली, “एवढं सगळं घेऊन तो आमच्यात मावायचा नाही गं. खोली लहान आहे.”

मग म्हणाली, “तुझ्याकडे किती वर्षं होता. मला तर त्याचा गोवर उतरलेलासुद्धा बघता आला नाही.”



रविवार, दुपार

बाबा जागे झाले. मी विचारलं, तुमची मुलगी केवढी? त्यांनी दोन्ही हातांचा पाळणा केला. हलवला.

मग मी ते केलं. करायचं नाही असं ठरवलं होतं, पण केलं. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सगळं सांगितलं. बाबा, ही तुमची आई मेलीय. बहिणी मेल्यात. खिडक्या बंद होत्या. तुम्ही काकांकडे होतात. तुम्ही जगलात. लग्न केलंत. आम्ही झालो, मी आणि धाकटा.

त्यांचा चेहरा फुटला. याला दुसरा शब्द नाही. आणि त्या फुटलेल्या चेहऱ्यातून माझे बाबा बाहेर आले, थकलेले, म्हातारे. म्हणाले, “ठमे.” माझं कपाळ ठणकलं. हात लावला तर व्रण होता! पिशवीत फोन वाजला. धाकटा. ताई, किती झोपलो गं मी, म्हणाला. मागे त्याची पोर काहीतरी गात होती.

बाबा रडत म्हणत होते, मी रागावून निघालो होतो गं तिच्यावर, मला एकट्यालाच का पाठवतेस म्हणून. जाताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला का सांगितलंस? आत्ता मी तिच्याजवळ होतो. कशाला सांगितलंस?

आणि मग ते विसरले. नेहमी विसरतात तसेच. डोळे कोरे झाले. फोनमध्ये धाकट्यानं जांभई दिली, ताई म्हणाला, आणि —

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच कोसळणं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. व्रण आला. फोन वाजला. मी उचलेपर्यंत थांबला.

तिसऱ्यांदा सांगितलं. नुसता ठणका.

चौथ्यांदा सांगितलं, तुमची आई मेलीय, बाबा. त्यांनी आश्चर्यानं बोट दाखवलं. ही काय. इथं तर आहे.

रविवार

स्वागताच्या बाई येऊन गेल्या. नोंदणी नाही म्हणतात. बाहेर जा म्हणत नाहीत, पण पाणी विचारतात, परक्याला विचारतात तसं.

हॉटेलची चावी लागत नाही.

बाबा आता बाबा नाहीत. पाय झुलवत बसलेत, लहान मुलासारखे. छोटीशी भांडतायत. म्हातारं शरीर तेच आहे, पण त्यात — काय लिहू. गाल गुलाबी झालेत. जांभई दिली आत्ता.

मला आईचा आवाज आठवत नाहीये. आपल्या घराचं दार कुठल्या बाजूला — धाकट्या, तुला ठाऊक असेल. तू असतास तर तुला —

पेन बोटांत राहत नाही. लिहिते, लिहितेय. कुणी वाचायला नाही तरी. काही गाळू नकोस म्हणाला होता कुणीतरी

उठल्या तिघी. खिडक्या नाहीत इथं, तरी मोठी मुलगी भिंतीशी जाऊन काहीतरी लावून घेतेय, एकामागून एक. गरम व्हायला लागलंय. बरं वाटतंय खरं तर.

पिटुक निघाला होता. निघता निघता थांबला. माझ्याकडे बघतोय. आईचा हात सोडून माझ्यापाशी आलाय, खिशातला रुमाल काढून पुढे धरलाय. विचारतोय, मावशी, तुम्ही का रडताय? तुमचं कुणी नाही का आलं?

उभाच आहे. उत्तर ऐकल्याशिवाय जायचा नाही, चांगलं पोर आहे. सांगते त्याला. सांगते, की आलंय ना, आलंय, मी तुझी —